क्रीमी मॅश बटाटा घरी करायचाय? आधी हा कागद वाचा, मग कुकर काढा

नमस्कार मंडळी. पिशवीत बटाट्यांसोबत हा कागद टाकलाय तो कृपया फेकू नका, कारण व्हॉट्सॲपवर आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे की दादा मॅश पोटॅटो केला, बटर घातलं, दूध घातलं, तरी चिकट खळीसारखा का झाला, चमच्याला लोंबतोय नुसता. मुलं बाहेर कॅफेत खाऊन येतात आणि घरी तसाच मागतात, मग आई किंवा आजी उत्साहाने करायला जाते आणि मन खट्टू होतं. असं होऊ नये म्हणून सगळं एकदाच नीट लिहून देतोय.

पहिली गोष्ट बटाटा. आपल्याकडे मंडीत "आलू" म्हणून जे येतं त्यात बऱ्याच जाती असतात आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. पुखराज हा पिवळसर, पातळ सालीचा, त्यात पाणी जास्त, रस्साभाजीत फोडी अखंड राहतात म्हणून तिथे छान, पण मॅशला नको. चिप्सोना हा पिठूळ, उकडला की आपोआप भुसभुशीत फुटतो, मॅशसाठी हाच घ्या. ज्योती मधला, दुसरं काही नसेल तर चालवून घ्या. ह्या जाती शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या, म्हणून पूर्ण नावात आधी "कुफरी" (हे शिमल्याजवळचं गाव) लागतं, आणि चिप्सोना तर 1998 साली खास चिप्ससाठीच काढला. चिप्सला जो गुण लागतो, म्हणजे पाणी कमी आणि स्टार्च जास्त, तोच मॅशलाही लागतो. माळव्यातला शेतकरी हा बटाटा मनापासून पिकवतो आणि आपण तो रश्श्यात घालून मग फुटला म्हणून तक्रार करतो, ह्याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं.

घरात आधीचे बटाटे पडलेत आणि जात माहीत नाही, तर एक सोपी परीक्षा आहे. 11 वाट्या पाण्यात त्याच वाटीने 1 वाटी मीठ पूर्ण विरघळवायचं आणि बटाटा त्यात सोडायचा. बुडाला तर पिठूळ, मॅशला घ्या. तरंगला तर पाणी जास्त, त्याची भाजी करा. दुकानात आम्ही ह्यासाठी एक बादली भरून ठेवतो, आलात तर स्वतः टाकून बघा, एकसारखे दिसणारे दोन बटाटे असतात आणि एक टुपकन तळाला जातो, दुसरा वर येऊन डुलत राहतो.

कोल्ड स्टोरेजचा बटाटा गोड लागतो ही तक्रारही खरी आहे. 2 ते 4 डिग्रीत ठेवला की बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. चिप्सवाले म्हणूनच 10-12 डिग्रीत ठेवलेला घेतात, बाजारात त्याला शुगर फ्री म्हणतात, म्हणजे त्यात स्टार्च नाही असं काही नाही हं, डायबिटीसवाल्यांनी नावावर जाऊ नये. गोड बटाटा हाती आलाच तर टोपलीत, अंधारात, साध्या हवेत आठवडा-दोन आठवडे ठेवा, बराचसा गोडवा कमी होतो. आणि घरी फ्रीजमध्ये बटाटे ठेवायचे नाहीत, तिथेही तेच होतं. हिरवट झालेला असेल तर तो भाग खोलवर कापून काढा, कडू लागला तर सरळ टाकून द्या, त्यात काटकसर करू नका.

आता कृती, चार-पाच जणांसाठी 1 किलो धरा. सालं काढून साधारण दीड इंचाच्या सारख्या फोडी करा, पाण्यातून एकदा धुवा आणि थंड पाण्यातच गॅसवर चढवा, 1 मोठा चमचा मीठ घालून. उकळत्या पाण्यात टाकल्या तर बाहेरून गळतात आणि आतून कच्च्या राहतात. उकळी आली की आच कमी, 15 ते 20 मिनिटं, सुरी सहज आरपार गेली पाहिजे. बोरिंगचं पाणी असेल तर वेळ जास्त लागतो कारण जड पाण्यातल्या कॅल्शियमने बटाटा कडक राहतो, शक्यतो नळाला येणारं नर्मदेचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. कुकरच लावायचा असेल तर बटाटे सालासकट, अख्खे, आणि भांड्यात पाणी न घालता, पाणी फक्त कुकरच्या तळाला.

पाणी निथळल्यावर फोडी त्याच रिकाम्या पातेल्यात परत मंद आचेवर 1-2 मिनिटं हलवायच्या. ही पायरी बहुतेक जण सोडतात. वाफ निघून जाते, कडांवर पांढरी पिठी दिसायला लागते, फोडीला फोड घासली की भुगा पडतो, तेव्हा थांबा. आत पाणी राहिलं तर बटर आणि दुधाला जागाच उरत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, मिक्सर नको! ब्लेंडर नको, हँड ब्लेंडरपण नको. उकडलेल्या बटाट्यात स्टार्चचे दाणे पाणी पिऊन फुगलेले असतात, पातं फिरलं की ते फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि खळ तयार, मग त्यात कितीही बटर ओता ती सुधारत नाही. परदेशातले शेफ ह्यासाठी वेगळं यंत्र वापरतात आणि इथे ऑनलाइन ते महाग मिळतं, पण तुमच्या माळ्यावर पुरणयंत्र आहे ना, होळीला निघतं आणि परत वर जातं, तेच काढा. बारीक जाळी लावा, बटाटा गरम असतानाच फिरवा, खाली मोकळा, हलका भुगा पडतो. पुरणयंत्र नसेल तर पुरणाची चाळणी आणि वाटीचा बुडखा.

आधी बटर, 100 ग्रॅम, तुकडे करून गरम बटाट्यात कालवायचं. मग 1 कप फुल क्रीम दूध, कडकडीत गरम, थोडं थोडं, लाकडी चमच्याने, आणि एकजीव झालं की हात थांबवा, घोटत बसू नका. फ्रीजमधलं गार दूध घातलं की सगळं घट्ट होऊन बसतं. बटर मिठाचं असेल तर वरून मीठ चाखूनच. पॅरिसचे शेफ जोएल रोबुशॉं 1 किलो बटाट्याला 250 ग्रॅम बटर घालायचे, सणावाराला करून बघा, रोज नको. दुधात 4-5 लसूण पाकळ्या उकळून गाळून घेतलं तर वास फार सुंदर येतो.

उपवासाला लसूण वगळा, बटरऐवजी घरचं ताजं लोणी आणि सेंधा मीठ, वरून थोडं जिरं तुपात तडतडवून. साबुदाण्याचा कंटाळा आलेल्या आजी-आजोबांना, दातांचा त्रास असणाऱ्यांना हा प्रकार खूप आवडतो, आमच्या कितीतरी ग्राहकांकडे एकादशीला आता हेच होतं.

उरला तर फ्रीजमध्ये झाकून, दुसऱ्या दिवशी थोडं गरम दूध घालून मंद आचेवर, नाहीतर ब्रेडचा चुरा घालून पॅटिस करा. ऑर्डर देताना "मॅशसाठी" एवढंच लिहा, आम्ही पिठूळ बटाटा वेगळा निवडून देऊ, भाजीसाठीचा आणि मॅशचा एका पिशवीत मिसळणार नाही.