हवाईच्या झेंड्यावर युनियन जॅक कसा?

“हवाईच्या झेंड्यात युनियन जॅक (ब्रिटनचा झेंडा) आहे, म्हणजे ही बेटं ब्रिटिशांची वसाहत होती,” असा फॉरवर्ड अधूनमधून फिरतो. झेंडा पाहून तसं वाटणं साहजिकच आहे. पण सनावळी लावून बघा. युनियन जॅक असलेला झेंडा हवाईच्या राजाने १८१६च्या सुमारास, राज्य स्वतंत्र असताना, आपणहून घेतला. ब्रिटनशी त्याची मैत्री होती. ब्रिटिश अंमल आला तो १८४३ मध्ये, जेमतेम पाच महिने, तोही एका नौदल अधिकाऱ्याने परस्पर बसवलेला. गंमत म्हणजे त्याने हाच झेंडा उतरवायला लावला! पट्टे पाहून अमेरिकेचा झेंडा आठवेल, पण तेही मोजा: पांढरे, तांबडे, निळे मिळून ८, मुख्य बेटांचे. अमेरिकेच्या झेंड्यात १३, त्यांत निळा एकही नाही. अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली ती पुढे १८९८ मध्ये.