टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटची एमएस आणि अमेरिकेतली नोकरी: ओपीटी, स्टेम ओपीटी, एच-१बी अर्जांची माहिती

टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट, इंजिनिअरिंग मॅनेजमेंट, इन्फर्मेशन सिस्टिम्स अशा नावांच्या पदव्या अमेरिकेतली अनेक विद्यापीठे देतात. शिक्षण संपल्यावर ओपीटीवर, म्हणजे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, तिथे एक वर्ष काम करता येईल की तीन, हे मात्र पदवीच्या नावावरून कळत नाही. ते कळते आय-२० वर (विद्यापीठ देते ते प्रवेशाचे प्रमाणपत्र) छापलेल्या सहा अंकी सीआयपी कोडवरून, म्हणजे अभ्यासक्रमाच्या विषयाच्या सरकारी क्रमांकावरून. म्हणून हा कोड प्रवेश घेण्याआधीच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करून लेखी विचारून घ्यावा. पदवी हातात आल्यावर कोड बदलून मिळेल ही आशा ठेवू नये.

कोणता कोड स्टेममध्ये बसतो

अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी (अंतर्गत सुरक्षा) खात्याची स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणित या विषयांतल्या पदव्यांची यादी आहे. त्यात १५.१५०१ (इंजिनिअरिंग किंवा इंडस्ट्रियल मॅनेजमेंट), ११.१००५ (आयटी प्रोजेक्ट मॅनेजमेंट), ११.०१०३ (इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी) आणि ५२.१३०१ (मॅनेजमेंट सायन्स) हे कोड आहेत. बिझनेस अ‍ॅनालिटिक्सचा ३०.७१०२ हा कोड जानेवारी २०२२ मध्ये जोडला गेला. ५२.०२०१ (बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) आणि ५२.१२०१ (मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स) यादीत नाहीत. एकाच नावाचा अभ्यासक्रम एका विद्यापीठात ११.०१०३ खाली असतो, तर दुसऱ्यात ५२.१२०१ खाली. अभ्यासक्रम सारखाच असला तरी पहिल्याला ३६ महिने (१२ अधिक स्टेम विस्ताराचे २४) मिळतात आणि दुसऱ्याला १२.

पुण्या-मुंबईची बी.ई. इथे कामाला येत नाही. ओपीटी नॉन-स्टेम पदवीवर चालू असेल तर आधीची स्टेम पदवी वापरता येते, पण ती अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थेची आणि गेल्या दहा वर्षांतली असावी लागते.

ओपीटी: पहिले १२ महिने

पात्रतेसाठी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिक्षण झालेले असावे. शिकताना १२ महिने किंवा जास्त पूर्णवेळ सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेले काम) केली असेल, तर त्या पातळीची ओपीटी मिळत नाही. एका पातळीला ओपीटी एकदाच मिळते. एक एमएस झाल्यावर दुसरी एमएस करून पुन्हा १२ महिने मिळत नाहीत.

आधी डीएसओकडे (विद्यापीठातले परदेशी विद्यार्थ्यांचे अधिकृत अधिकारी) अर्ज करायचा. डीएसओ सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद) शिफारस नोंदवतात आणि ओपीटीची नोंद असलेला नवा आय-२० देतात. त्यानंतर यूएससीआयएसकडे (इमिग्रेशनचे अर्ज तपासणारे सरकारी खाते) आय-७६५ हा काम-परवान्याचा अर्ज भरायचा, वर्गवारी (सी)(३)(बी). यात तीन मुदती एकाच वेळी पाळाव्या लागतात: अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून, संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत, आणि डीएसओच्या शिफारशीपासून ३० दिवसांच्या आत. अर्ज त्या दिवसापर्यंत यूएससीआयएसकडे पोहोचलेला असावा लागतो. पोस्टात कधी टाकला हे धरले जात नाही. फी १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ४७० आणि कागदी ५२० डॉलर आहे. प्रीमियम प्रोसेसिंगची फी वेगळी. त्यात ३० कामकाजाच्या दिवसांत निर्णय येतो. नोकरीची तारीख डोक्यावर असेल तरच तो खर्च करावा.

सोबत लागणारे कागद: पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची सरकारी नोंद), सही केलेला नवा आय-२०, २ बाय २ इंचाचा फोटो, आधीचे ईएडी (काम-परवान्याचे) कार्ड असल्यास त्याची प्रत आणि सीपीटी केली असल्यास ते आय-२०.

अर्ज बहुतेक वेळा छोट्या गोष्टींवर अडकतो. डीएसओने शिफारस करण्याआधीच आय-७६५ पाठवला जातो, किंवा आय-२० निघून ३० दिवस उलटलेले असतात. वर्गवारी चुकते. पत्त्याचीही पंचाईत होते, कारण पदवीनंतर बहुतेक जण घर बदलतात आणि यूएससीआयएसचे टपाल टपालखाते नव्या पत्त्यावर पुढे पाठवत नाही, परत पाठवते. म्हणून चार-पाच महिने टिकेल असा पत्ता द्यावा, आणि बदललाच तर दहा दिवसांत एआर-११ हा पत्ता-बदलाचा फॉर्म भरावा. अर्ज नाकारला गेला आणि ६० दिवसांची मुदत अजून शिल्लक असेल, तर नव्या आय-२० वर पुन्हा भरता येतो. म्हणजे शेवटच्या आठवड्यात भरणाऱ्याला ही संधी उरत नाही.

कामाची सुरुवात अभ्यासक्रम संपल्यापासून ६० दिवसांतली कोणतीही तारीख निवडता येते, पण पूर्ण ओपीटी अभ्यासक्रम संपल्यापासून १४ महिन्यांत संपलीच पाहिजे. उशिरा मंजूर झालेल्या अर्जात १२ पैकी काही आठवडे कायमचे जातात ते यामुळेच. ईएडी हातात येऊन त्यावरची तारीख सुरू होईपर्यंत काम करायचे नाही, बिनपगारी 'ट्रेनिंग' सुद्धा नाही.

बेरोजगारीचे ९० दिवस

ईएडीवरील सुरुवातीच्या तारखेपासून घड्याळ चालू होते. ओपीटीच्या काळात बेरोजगारीचे एकूण दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत, शनिवार-रविवारही धरतात. आठवड्याला किमान २० तासांचे, पदवीशी संबंधित काम असेल तर घड्याळ थांबते. पहिल्या १२ महिन्यांत हे काम विनावेतनही चालते, पण कायदेशीर स्वयंसेवा असली पाहिजे. नोकरी, पत्ता, नाव यांतला बदल दहा दिवसांत एसईव्हीपी पोर्टलवर (ओपीटीवरच्या विद्यार्थ्यांसाठीचे सरकारी संकेतस्थळ) किंवा डीएसओकडे नोंदवायचा.

इथेच काही कन्सल्टन्सी 'पे-रोलवर घेतो, काम नंतर बघू' असे सांगतात. नावापुरती नोकरी दाखवून घड्याळ थांबवणे म्हणजे स्टेटसची फसवणूक. वर्षे उलटल्यावरही ती एच-१बी किंवा ग्रीन कार्डच्या अर्जात वर येते.

स्टेम विस्तार: आणखी २४ महिने

याचा आय-७६५ वर्गवारी (सी)(३)(सी) मध्ये भरायचा: चालू ओपीटी संपण्याच्या ९० दिवस आधीपासून, ती संपण्याआधी, आणि डीएसओच्या शिफारशीपासून ६० दिवसांत. इथे ३० नाही, ६०. अर्ज वेळेत पोहोचला तर निकाल लागेपर्यंत जास्तीत जास्त १८० दिवस काम चालू ठेवता येते. पदवी मिळाल्याचा पुरावा, सध्याचे ईएडी आणि नवा आय-२० जोडायचा. कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्यांची काम करण्याची पात्रता तपासणारी सरकारी प्रणाली) नोंदलेली असावी, पगार मिळाला पाहिजे आणि आठवड्याला किमान २० तास काम हवे.

या टप्प्याचा खरा कणा म्हणजे आय-९८३, कंपनी आणि विद्यार्थी मिळून लिहितात तो प्रशिक्षण आराखडा. मॅनेजमेंटवाल्यांची खरी परीक्षा इथेच. 'असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर: भागधारकांशी समन्वय, मीटिंगा, अहवाल' एवढे लिहिले तर हे काम इंजिनिअरिंग मॅनेजमेंटशी कसे जोडलेले, हे दिसत नाही. त्याऐवजी कोणत्या डेटावर मागणीचा अंदाज काढणार, प्रणालीच्या कोणत्या आवश्यकता लिहिणार, कोणती पद्धत वापरणार, ती कोणत्या विषयात शिकली, आणि कोण, किती दिवसांनी आढावा घेणार, असे लिहावे. सही करणाऱ्याला कंपनीच्या वतीने सही करण्याचा अधिकार असावा. टीममधल्या सीनियरची सही पुरत नाही.

यानंतर दर सहा महिन्यांनी माहितीची पडताळणी, १२ महिन्यांनी आणि शेवटी स्वमूल्यमापन करावे लागते. नोकरी बदलली तर दहा दिवसांत नवा आय-९८३. बेरोजगारीची एकूण मर्यादा वाढून १५० दिवस होते. आयसीईचे (इमिग्रेशन कायद्याची अंमलबजावणी करणारे खाते) अधिकारी कामाच्या जागी येऊन आराखडा आणि प्रत्यक्ष काम यांची तुलना करू शकतात, सहसा ४८ तासांच्या पूर्वसूचनेने. म्हणून आराखडा नटवून लिहू नये.

एच-१बी

एच-१बी हा कुशल कामासाठीचा वर्क व्हिसा. इथे अर्जदार कंपनी असते, विद्यार्थी नाही. दरवर्षी ६५,००० जागा आणि अमेरिकी मास्टर्ससाठी २०,००० वेगळ्या. मार्चमध्ये २१५ डॉलर भरून इलेक्ट्रॉनिक नोंदणी होते, सोडतीत निवड झाल्यास कंपनी आय-१२९ हा मुख्य अर्ज भरते आणि काम १ ऑक्टोबरपासून सुरू होते. स्टेमवाल्याला पदवीनंतर साधारण तीन मार्च मिळतात, नॉन-स्टेमवाल्याला एक. सीआयपी कोडची किंमत इथे कळते. आता निवड पगाराच्या (सरकारने ठरवलेल्या चारपैकी) पातळीनुसार भारित असते: चौथ्या पातळीच्या नोंदणीला चार संधी, पहिल्या पातळीला एक. त्यामुळे मोठ्या पदनामापेक्षा त्या भागातल्या प्रचलित वेतनाच्या कोणत्या पातळीत पगार बसतो, हे आधी बघावे.

नव्या एच-१बी अर्जांवर २१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेली एक लाख डॉलरची रक्कम, यूएससीआयएसच्या २० ऑक्टोबर २०२५ च्या खुलाशानुसार, अमेरिकेतच एफ-१ वरून स्टेटस बदलणाऱ्यांच्या अर्जाला लागत नाही. पण स्टेटस-बदल मंजूर होण्याआधी देश सोडला तर तो अर्ज सोडून दिल्यासारखे धरतात. दिवाळीला घरी जायचे तिकीट काढताना कंपनीच्या वकिलाला विचारून मगच काढावे.