व्हीलचेअर आहे म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट? नाही हो!

दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग सुरू झालं की आमच्या घोडबंदरच्या सोसायटी ग्रुपवर तोच जुना मेसेज परत फिरतो, व्हीलचेअरवाल्यांना फिट टू फ्लाय सर्टिफिकेटशिवाय विमानात घेत नाहीत म्हणे. चूक आहे ते. मी स्वतः चेअरवर आहे आणि या एका गैरसमजापायी दरवेळी फुकट पैसे घालवणारे लोक मी बघितलेत.

डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियम काय सांगतो, तर नुसती चढण्या-उतरण्यापुरती मदत हवी असेल तर एअरलाईन मेडिकल पेपर मागू शकत नाही. नुकतं ऑपरेशन झालंय, ऑक्सिजन लागतो, अशा केसमध्ये मागतात आणि ते बरोबरच आहे ना. 2022 मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नव्हतं, एअरलाईनला 5 लाख दंड झाला, आणि मग जुलैमध्ये नियम आणखी कडक केला, आता प्रवाशाची तब्येत उड्डाणात बिघडेल असं वाटलं तर एअरलाईनने आधी डॉक्टरकडून तपासून घ्यायचं, परस्पर नाही म्हणायचं नाही.

तुमच्याकडून काय, तर उड्डाणाच्या 48 तास आधी एअरलाईनला कळवा. फोनवर नुसतं 'व्हीलचेअर पाहिजे' बोलू नका, स्वतःची चेअर आहे, पायऱ्या चढता येत नाहीत, सीटपर्यंत उचलून न्यावं लागेल, हे स्पष्ट सांगा, नाहीतर ऐनवेळी गोंधळ ठरलेलाच.

बॅटरीवाली चेअर पण चालते बरं का. काढता येणारी लिथियम बॅटरी 300 वॉट-अवरपर्यंत असेल तर ती काढून केबिनमध्ये सोबत न्यायची, फक्त एअरलाईनची परवानगी आधी घ्या. बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर गुणले की वॉट-अवर मिळतात, 24 व्होल्ट 10 अँपिअर-अवर म्हणजे 240, बसते.