चिन्हकाविना डीएनए-शोध (पृष्ठ-सूक्ष्मदर्शन)

डीएनएला प्रतिदीप्त रंग, किरणोत्सर्गी फॉस्फरस किंवा विकर असे कोणतेही चिन्हक न जोडता तो सपाट पृष्ठभागावर थेट ओळखण्याची पद्धत. चिन्हक जोडायला वेळ आणि खर्च लागतो, रंग प्रकाशात फिके पडतात आणि जोडलेला रेणू पूरक (एकमेकींशी नेमक्या जुळणाऱ्या) साखळ्यांच्या जुळणीत अडथळाही आणू शकतो.

दुहेरी साखळीचा व्यास सुमारे २ नॅनोमीटर असतो आणि लगतच्या बेस-जोड्यांत (दोन साखळ्यांना जोडणाऱ्या पायऱ्यांत) ०.३४ नॅनोमीटर अंतर असते. म्हणजे १,००० जोड्यांचा तुकडा जेमतेम ३४० नॅनोमीटर लांब. गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्तोफ गेर्बर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या अणुबल सूक्ष्मदर्शकात एक अणकुचीदार टोक पृष्ठभागावरून फिरते आणि उंचीतला फरक नोंदते. टोकालाही जाडी असल्याने रेणू प्रत्यक्षाहून रुंद दिसतो, तर हवेत वाळलेल्या नमुन्यात त्याची उंची कमी भरते. त्यामुळे सर्वाधिक भरवसा लांबीवर ठेवावा.

दुसरा मार्ग प्रकाशाचा. सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या थरावर ठरावीक कोनात प्रकाश पडला की पृष्ठ-प्लाझ्मॉन लहरी (धातूच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक लहरी) उठतात आणि परावर्तित प्रकाश एकदम घटतो. गंधकाच्या बंधाने सोन्यावर बसवलेल्या एकेरी साखळीला तिची पूरक साखळी येऊन जुळली, की पृष्ठभागालगतचा अपवर्तनांक (माध्यम प्रकाशाला किती वाकवते त्याचे माप) बदलतो आणि तो कोन सरकतो. मात्र या लहरी काही मायक्रोमीटर पसरत जातात, म्हणून प्रतिमा धूसर होते. मोठ्या संख्यात्मक छिद्राच्या, म्हणजे रुंद कोनातला प्रकाश सामावणाऱ्या, वस्तुभिंगातून प्रकाश सोन्यावर एका बिंदूत आणून तो फिरवत नेला, तर मायक्रोमीटरहून बारीक तपशील मिळतो.

या साऱ्यात पृष्ठभागाची तयारी उपकरणाइतकीच निर्णायक असते. खडबडीत काचेवर २ नॅनोमीटरची रेषा हरवून जाते, म्हणून ताजा पापुद्रा काढलेला अभ्रक वापरतात. तो अणूंच्या पातळीवर सपाट असतो. अभ्रक आणि डीएनए दोन्ही ऋणभारित असल्याने त्यांना धरून ठेवायला मॅग्नेशियम किंवा निकेलचे आयन लागतात. एकेरी साखळ्या फार दाट बसवल्या तर पूरक साखळीला आत शिरायला जागाच उरत नाही.

खरी कसोटी विशिष्टतेची. चिन्हक नसल्यामुळे चिकटलेले प्रथिन किंवा मिठाचा कणही डीएनएसारखाच संकेत देऊ शकतो. म्हणून त्याच पृष्ठभागावर न जुळणाऱ्या क्रमाचा ठिपकाही ठेवतात, आणि त्याच्यापेक्षा वेगळा येणारा संकेतच ग्राह्य धरतात.