एनजीसी १३६५

एनजीसी म्हणजे ‘न्यू जनरल कॅटलॉग’ या खगोलीय यादीतला क्रमांक. दक्षिण आकाशात अश्मंत म्हणजे फॉर्नॅक्स तारकासमूहात असलेली दंडयुक्त सर्पिल दीर्घिका. फॉर्नॅक्स दीर्घिका-समूहातली ही एक, पसारा अंदाजे २ लाख प्रकाशवर्षं, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या साधारण दुप्पट. शोधाचं श्रेय जेम्स डनलॉपला देतात. ऑस्ट्रेलियातल्या पॅरामट्टाहून त्याने ती १८२६ च्या सुमारास टिपली, यादी छापली गेली १८२८ मध्ये. अंतर ५.६ ते ६ कोटी प्रकाशवर्षं सांगतात. हबल टेलिस्कोपने सेफिड ताऱ्यांवरून (ठरावीक लयीत तेज कमी-जास्त होणारे तारे, त्यावरून अंतर काढता येतं) काढलेला आकडा ६ कोटींकडे झुकतो आणि तोच जास्त भरवशाचा वाटतो.

मधला दंड लांबलचक आहे, त्याच्या दोन टोकांपासून दोन मोठ्या भुजा निघतात. दंडातून गॅस आत सरकतो, फोटोत धुळीच्या काळ्या पट्ट्या दिसतात त्या याच वाटेवरच्या. केंद्राजवळ तो साठतो आणि तिथे नवे तारे भराभर तयार होतात, त्यातले बरेच धुळीमुळे साध्या प्रकाशात दिसतच नाहीत, इन्फ्रारेडमध्ये बघावं लागतं.

खरी चर्चा मात्र केंद्रातल्या ब्लॅक होलची. वस्तुमान साधारण २० लाख सूर्यांएवढं मानतात. त्याच्याजवळून येणारी लोखंडाची एक्स-रे रेषा, म्हणजे लोखंडाच्या अणूंची ठरावीक ऊर्जेवरची खूण, ताणलेली, विस्कटलेली दिसते, ती का यावर बरीच वर्षं वाद होता. एक गट म्हणायचा की ब्लॅक होल जोरात फिरतंय, त्यामुळे भोवती फिरणाऱ्या गॅसच्या तबकडीचा आतला काठ अगदी जवळ येतो आणि तिथल्या गुरुत्वाकर्षणाने रेषा ओढली जाते. दुसरा म्हणायचा, काही नाही, वाटेत गॅसचे ढग आडवे येतात आणि आकार बिघडलेला भासतो. ढग आहेत हे तर नक्कीच, २००६ मध्ये चंद्रा या अंतराळातल्या एक्स-रे वेधशाळेने असा एक ढग येऊन दोनेक दिवसांत निघून गेल्याचं पकडलं होतं, त्यामुळे ही शंका अगदीच हवेतली नव्हती. मग जुलै २०१२ मध्ये नूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या दोन एक्स-रे अंतराळ दुर्बिणींनी एकाच वेळी निरीक्षण केलं, नूस्टारला जास्त ऊर्जेचे एक्स-रे दिसतात आणि तिथे नुसत्या ढगांचं गणित जुळेना. २०१३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ रिसालिटी आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष दिला की फिरण्याचा वेग कमाल मर्यादेच्या निदान ८४ टक्के असावा. ढगांची बाजू घेणाऱ्यांनी त्यावरही हरकती घेतल्या, पण आता पारडं फिरण्याच्या बाजूला जड आहे.

इथे दिसलेले सुपरनोव्हा (ताऱ्यांचे स्फोट): १९५७सी, १९८३व्ही, २००१डीयू, २०१२एफआर, शेवटचा १ए प्रकारचा, या प्रकाराचं मूळ तेज साधारण ठरलेलं असतं, म्हणून अंतर मोजणाऱ्यांच्या विशेष कामाचा.