कुंडीतली चिलटं आणि पळीभर पाणी

श्रावणात संध्याकाळी देवापाशी दिवा लावला, की आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात ज्योतीभोवती काळी चिलटं घोटाळू लागतात. केळ्यांवर बसते ती फळमाशी वेगळी. ती गुटगुटीत, बहुधा लालसर डोळ्यांची. ही सडपातळ, लांब पायांची, २ ते ४ मिलिमीटरची. कुंडीला धक्का लागला की उठतात आणि पुन्हा मातीवरच बसतात. सिअरिडी कुळातल्या या बुरशीमाश्या.

उडणारं चिलट चावत नाही, जगतंही आठवडाभरच. पण तेवढ्यात मादी ओल्या मातीत शंभरावर अंडी घालते. त्यातून पारदर्शक अंगाच्या, चकचकीत काळ्या डोक्याच्या अळ्या निघतात. बुरशी आणि कुजका पाला हे त्यांचं खाणं. सोबत कोवळी मुळंही कुरतडतात. मोठं झाड ते सोसतं, रोप मात्र माना टाकतं. अंड्यापासून माशीपर्यंत ३ ते ४ आठवडे लागतात. म्हणून हवेत फवारा मारला की आजची मरतात, उद्या मातीतून नवी येतात. लहान मुलं असलेल्या बंद खोलीत तर मी तो फवारा मुळीच मारणार नाही.

माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि पावसाळ्यात ती सुकतच नाही. त्यात इंदुरात ओला कचरा वेगळा काढायची सवय लागल्यापासून पुष्कळ घरी खत होतं. ते छानच, पण अर्धवट कुजलेलं खत कुंडीत घातलं की अळ्यांची पंगतच बसते. पूर्ण मुरलेल्या खताला मातीचा वास येतो, तोवर थांबावं.

खरा उपाय कोरडेपणाचा. वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये, बशीत साचलेलं ओतून टाकावं. अळ्या आहेत का हे बघायला बटाट्याची चकती मातीवर ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून पाहा. पिवळं चिकट कार्ड माश्या पकडतं, आणि त्यांची संख्या घटतेय का तेही सांगतं.

एवढ्यानं भागलं नाही, तर बीटीआय, म्हणजे 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस', हा अळ्या मारणारा जिवाणू. तो १९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटात सापडला. त्याच्यातले प्रथिनांचे स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात आणि आतड्याला भोकं पाडतात. आपलं जठर आम्लधर्मी, शिवाय ते विष ज्याला चिकटतं ते रेणूच आपल्या आतड्यात नाहीत. अंडी आणि कोष यातून वाचतात, म्हणून दर आठवड्याला, महिनाभर मातीत पाणी घालावं तसं घालायचं. दुकानात नुसतं 'बीटी' मागू नका. बहुधा त्याचा 'कुर्स्टाकी' हा प्रकार मिळेल, ते पिकांवरच्या सुरवंटांसाठी असतं. डब्यावर 'इस्राएलेन्सिस' लिहिलेलं हवं.

आमच्याकडे अडचण तुळशीची होती. सासूबाई रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायच्या, आणि ते थांबवा म्हणायला माझी जीभ रेटेना. मी त्यांना बटाट्याची चकती उलटून दाखवली. त्या दिवसापासून तांब्याच्या जागी पळी आली. पूजा रोज होते, माती मात्र सुकते. परवाच्या रविवारी कार्डावर दोनच चिलटं होती.