‘सवलतीचे गुण’ ते ‘स्वतःबद्दल लिहा’ : गुणपत्रिकेबाहेरच्या प्रवेशाची पार्श्वभूमी

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही आता इथे कुणाला बातमी वाटत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचा हा विभाग स्वतंत्र झाल्यापासून उत्तीर्णांच्या टक्केवारीत वरच राहिला आहे. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, कोकणाचा ९८.८२. त्याच वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदा अख्ख्या राज्यात एकाच ऑनलाइन अर्जाने झाले. त्या अर्जात मुलाबद्दल विचारलेलं सगळं गुण, प्रवर्ग, आरक्षण आणि कॉलेजांचा पसंतीक्रम यात आटोपतं. पण याच तालुक्यांतली काही मुलं हल्ली बारावीनंतर आणखी एक अर्ज भरतात. पुण्याजवळच्या किंवा हरयाणातल्या खासगी विद्यापीठाचा, क्वचित परदेशातला. त्यात विचारलेलं असतं : स्वतःबद्दल लिहा, तुम्ही कशाचं नेतृत्व केलंत, कोणत्या अनुभवाने तुम्हाला घडवलं. हे दोन अर्ज एकाच मुलापुढे कसे येऊन ठेपले, त्याची ही पार्श्वभूमी.

जुना भाग थोडक्यात. मुंबईत १८५७ साली विद्यापीठ निघालं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. तेव्हापासून कॉलेजात शिरायची वाट लेखी पेपरातूनच गेली. रत्नागिरीत कॉलेज आलं १९४५ मध्ये. त्याआधी मॅट्रिक झालेल्या मुलाने बोटीने मुंबई गाठायची किंवा घाट चढून कोल्हापूर, पुणे. ज्याच्याकडे वशिला नाही, गाठीला पैसा नाही, त्याच्यासाठी लेखी परीक्षा हे मोठं न्यायाचं साधन होतं, आणि कोकणातल्या दोन-तीन पिढ्या त्या साधनावरच वर आल्या. हे आधी मान्य करूनच मी पुढचं लिहितो आहे.

गुणांपलीकडचा माणूस पाहून प्रवेश द्यायचा, ही रीत अमेरिकेतून आली असं म्हणतात. खरं आहे, पण ती तिथे जन्मली कशी, हे सहसा कुणी सांगत नाही. १९२० च्या दशकात तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या, प्रतिष्ठित विद्यापीठांत ज्यू स्थलांतरितांची मुलं परीक्षा देऊन मोठ्या संख्येने येऊ लागली. एका विद्यापीठात त्यांचं प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या पुढे गेलं, तेव्हा तिथल्या प्रमुखांनी १९२२ मध्ये उघड मर्यादा घालायचा प्रस्ताव ठेवला. त्यावर गदारोळ झाला. मग काही वर्षांत मर्यादा आडवाटेने आली : अर्जासोबत फोटो, शिफारसपत्र, ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांचा विचार. म्हणजे निबंध आणि मुलाखतीचं हे हत्यार आधी मुलांना बाहेर ठेवायला घडवलं गेलं. पुढे त्याच हत्याराने बाहेर राहिलेल्यांना आतही घेतलं. २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणं बंद केलं. मात्र वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे उमेदवाराने निबंधात लिहायला मोकळीक ठेवली.

आपल्याकडे मुलाखतीवर विश्वास का बसला नाही, याचं कारण शोधायला १९८० सालच्या एका निकालापाशी थांबावं लागतं. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी १०० गुणांची लेखी परीक्षा आणि ५० गुणांची तोंडी होती. लेखीत पुढे असलेली मुलं तोंडीत मागे पडली आणि न्यायालयात गेली. तोंडी परीक्षा दोन-तीन मिनिटांत उरकली, विषयाचं काही विचारलंच नाही, अशी त्यांची तक्रार होती. तोंडीला एकूण गुणांच्या एक तृतीयांश वजन देणं सर्वोच्च न्यायालयाने मनमानी ठरवलं. १५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं सांगितलं. माझ्या मते या एका निकालाने सरकारी प्रवेशांची पुढची वाट आखून दिली. जे मोजता येतं, कागदावर दाखवता येतं, न्यायालयात टिकतं, तेवढंच धरायचं. त्यामुळे आपल्याकडे ‘गुणांपलीकडचं’ जे काही आलं, ते शेवटी गुणांतच रूपांतर होऊन आलं.

अकरावीची गाजलेली भांडणंसुद्धा गुणांच्या हिशोबाचीच होती. राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागा आणि पर्सेंटाइल (मंडळातल्या इतर मुलांच्या तुलनेत क्रम धरायची पद्धत) या दोन्ही गोष्टी २००९ पर्यंत उच्च न्यायालयात टिकल्या नाहीत. २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’ उच्च न्यायालयाने रद्द केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभं केलं. पाच विषय धरायचे की सहा, यावर एवढं रान उठलं. मुलाला गुणांखेरीज काही येतं का, हा प्रश्न त्यात कुणीच उभा केला नाही.

आणि गंमत नव्हे, खेदाची गोष्ट ही, की त्याच २०१० च्या ऑगस्टमध्ये राज्याने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं होतं. आकारिक (वर्षभर चालणारं), संकलित (सत्राअखेरचं) आणि वर्णनात्मक नोंदी. मूल गाण्यात पुढे आहे, प्रश्न विचारतं, भांडण सोडवतं, हे शिक्षकाने पाहून लिहायचं. लिहिलं काय गेलं? ‘स्वच्छता राखतो. मित्रांना मदत करते. चित्रे आवडीने काढतो.’ बाजारात या वाक्यांच्या छापील याद्या मिळू लागल्या आणि चाळीस मुलांच्या प्रगतिपुस्तकात त्या उतरू लागल्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मीही त्या उतरवल्या आहेत. मुलाचं गुणांबाहेरचं रूप टिपण्याची सोय हाताशी होती, आणि ती आम्ही वाया घालवली. त्या नोंदी आठवीपाशी थांबतात. कुठल्याही कॉलेजपर्यंत त्या पोचल्या नाहीत.

आता खरा गुंता : ‘सवलतीचे गुण’.

खेळाडूंना दहावी-बारावीत पातळीनुसार जास्तीत जास्त २५ पर्यंत गुण देण्याची पद्धत आधीपासून होती. २०१७ पासून त्यात कला आली. शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, लोककला, नाट्य आणि शासकीय रेखाकला परीक्षा. रेखाकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘अ’ श्रेणी असेल तर १५ गुण, ‘ब’ ला १०, ‘क’ ला ५. त्या वर्षी राज्यात १९३ मुलांना शंभर टक्के पडले. वर्तमानपत्रांत टीका सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी हे आकडे ७, ५, ३ वर आले.

या निर्णयाबद्दल दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. गणिताच्या पेपरात कमी पडलेले गुण चित्रकलेने भरून निघणं चूक आहे, असं एक बाजू म्हणत होती. दुसरी म्हणत होती, की पाच-सहा वर्षं तबला शिकणाऱ्या मुलाला पहिल्यांदाच शाळेने हिशोबात धरलं. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण माझी अडचण आधी शब्दापासून सुरू होते. सवलत कुणाला देतात? एसटीत ज्येष्ठांना, पासवाल्या विद्यार्थ्यांना. मंडळाच्या परीक्षेत चार गुणांनी नापास होणाऱ्याला वर काढायला देतात तेही सवलतीचेच. पोरं त्याला ग्रेस म्हणतात. मग इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळवलेल्या मुलीच्या गुणपत्रिकेवरही तोच शब्द. घरचे विचारतात, ‘तुला ग्रेस मिळाला? कुठल्या विषयात कमी पडलीस?’ कमावलेली गोष्ट दान दिल्यासारखी नोंदली गेली. ‘वाढीव गुण’ हा शब्दही कागदोपत्री आहे, तो निदान मान ठेवतो. पण तोंडी ग्रेसच रुळला.

दुसरी अडचण कागदाची, आणि ती कोकणाला जास्त लागली. रेखाकला परीक्षेचं ठीक आहे. तालुक्याच्या शाळेत केंद्र असतं, सकाळच्या एसटीने बोर्ड-पेन्सिली घेऊन मुलं जातात, स्टुलावर मांडलेला घडा, फळं आणि मागे टाकलेली चादर बघून स्थिरचित्र काढतात, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन करतात. श्रेणी लागते, प्रमाणपत्र येतं. गुण सुरू झाल्यावर आमच्याकडे इंटरमिजिएटला बसणारी मुलं वाढली, त्यांतली काही खरोखर चित्रात रमली. लोककलेचं तसं नाही. प्रमाणपत्र लागतं, तेही शासनाच्या यादीत असलेल्या संस्थेचं.

माझ्या वर्गात त्या सुमारास एक मुलगा होता, वाडीच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, मृदंग वाजवणारा. शिमग्यानंतर रात्र-रात्र खेळे चालायचे, गण झाला, गवळण झाली, वग सुरू झाला तरी याची थाप ढळायची नाही. सकाळी पहिल्या तासाला तो डोळे ताणून बसलेला असायचा. बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. त्याच्या मंडळाला नाव होतं, पडदा होता, मुंबईकर चाकरमान्यांनी वर्गणी काढून घेतलेला साउंड होता. नोंदणी नव्हती, शिक्का नव्हता. मी मंडळाच्या कारभाऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, ‘गुरुजी, आजोबांच्या आधीपासून नाचतोय, कागद कधी कुणी मागितलाच नाही.’ त्याच वर्षी शहरातल्या एका क्लासच्या मुलांना त्यांच्या कलेचे गुण मिळाले, कारण क्लास परीक्षा घेणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेला जोडलेला होता. त्या मुलांनीही मेहनत केली होती, त्यांच्याबद्दल मनात काही नाही. पण ज्या मातीत ती कला उगवते तिथल्या मुलाला शून्य, हा निर्णयाचा हेतू नक्कीच नव्हता.

हाच कागदाचा पेच कोकणात आणखी एका ठिकाणी दिसतो. दापोलीला १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ झालं. राज्यातल्या कृषी पदवीच्या प्रवेशात शेतकऱ्याच्या मुलांना सातबारा उताऱ्यावर अधिभार मिळतो. अधिभार म्हणजे गुणवत्ता यादीत जोडलं जाणारं जास्तीचं वजन. कल्पना सुंदर आहे : ज्याने चिखलात पाय घातले त्याची दखल. पण आमच्याकडचा सातबारा उघडून बघा. सामाईक जमीन, एका गटावर पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी मयत, काही मुंबईत, वारस नोंद दोन पिढ्यांत झालेली नाही. जो घरात राहून लावणी करतो त्याच्या बापाचं नाव उताऱ्यावर नसतं, आणि ज्याने कधी नांगर धरला नाही त्याचं असतं. अर्जाची मुदत जवळ आली की तलाठ्याकडे आणि तहसील कचेरीत बापलेकांचे हेलपाटे सुरू होतात.

अलीकडची पावलं मात्र आश्वासक आहेत. दिल्लीतल्या मोठ्या केंद्रीय विद्यापीठात खेळ आणि कला यांच्या राखीव जागांसाठी २०२२ पासून प्रवेश परीक्षेला २५ टक्के आणि प्रत्यक्ष चाचणी व प्रमाणपत्रांना ७५ टक्के वजन आहे. चेन्नईच्या आयआयटीने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी शाखेत खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींची. २०२५-२६ पासून कला-संस्कृतीसाठीही तशीच वाट काढली. तिथे संयुक्त प्रवेश परीक्षेच्या गुणवत्ता यादीत नाव असावंच लागतं, पण पुढचा क्रम खेळ किंवा कला ठरवते. दिल्लीच्या चाचणीत मृदंग प्रत्यक्ष वाजवून दाखवता येतो, हा मोठा फरक आहे.

आपल्या अकरावीत यातलं फारसं पोचलेलं नाही. २०२५ मध्ये राज्यभर एक अर्ज झाला, पहिल्याच दिवशी, २१ मे रोजी संकेतस्थळ बसलं, नोंदणी २६ तारखेला सुरू झाली. ऐन आंब्याच्या अखेरीला, रेंज शोधत मुलं सड्यावर, उंचावरच्या कातळ पठारावर, जाऊन दहा पसंतीक्रम भरत होती. राज्यात जागा २१ लाखांहून जास्त, विद्यार्थी त्याहून कितीतरी कमी. आमच्या भागातल्या बऱ्याच कॉलेजांत रिकामे बाक राहतात. म्हणजे जिथे चुरस नाही तिथेसुद्धा मुलाला ओळखायचं साधन गुणच. खेळाडूंसाठी समांतर आरक्षण आहे, तेही प्रमाणपत्रावर. पूर्वी गावच्या कॉलेजात प्रवेशाला गेलं की खिडकीपलीकडचे सर निदान विचारायचे, ‘कबड्डीत तूच होतास ना रे?’ तेवढंही गेलं.

या पार्श्वभूमीवर दुसरा अर्ज येतो, आणि मुलं गोंधळतात. गेल्या वर्षी देवगडकडची एक विद्यार्थिनी पुण्याजवळच्या विद्यापीठाचा अर्ज घेऊन आली. ‘तुम्ही कोणती जबाबदारी पार पाडलीत’ याखाली तिने लिहिलं होतं : वर्गाची मॉनिटर, दोन वर्षे. छंद : वाचन, प्रवास. बोलता बोलता कळलं, की वडिलांना अर्धांगवायू झाल्यापासून दोन हंगाम आंब्याच्या बागेचा हिशोब तीच बघते. गड्यांची मजुरी, फवारणीच्या तारखा, पेट्या किती डझनाच्या भरल्या, वाशीच्या दलालाची पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) आली की भाव, हमाली, तोलाई ताडून बघणं. एका पट्टीत अकरा पेट्या कमी लागल्या होत्या, त्या तिने फोन करून वसूल केल्या.

‘हे का नाही लिहिलंस?’ मी विचारलं.

‘सर, ते घरचं काम. ते कशाला लिहायचं?’

तिच्याकडे त्याचं प्रमाणपत्र नव्हतं. वही होती, दोनशे पानी, पुठ्ठ्याला चिकाचे डाग पडलेली. आम्ही ती टेबलावर उघडली आणि पहिल्या पट्टीपासून वाचायला लागलो.